पंधरा वर्षांची वॅगन आर आणि एकाहत्तर हजारांचा कागद

वाचकाचे पत्र, थोडक्यात : साताऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने ऑगस्ट २०११ मध्ये वॅगन आर एलएक्सआय ही पेट्रोलवरची गाडी घेतली. ती आजवर ९४,००० किलोमीटर चालली आहे. गावातली कामे आणि महिन्यातून एकदा मुलाकडे पुण्याला फेरी, एवढाच तिचा वापर आहे. गेल्या दिवाळीत पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात गाडी तापली आणि अर्धा तास कडेला उभी करावी लागली. त्यानंतर दर पंधरवड्याला रेडिएटरच्या टाकीत थोडे पाणी घालावे लागते. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की मिनिटभर निळसर धूर येतो. सिग्नलला गाडी थरथरते, खड्ड्यांतून जाताना पुढच्या बाजूला खडखड होते, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि एसीत भरलेला गॅस दोन महिन्यांत संपतो. एका मोठ्या वर्कशॉपने ७१,४०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे : हाफ इंजिन (इंजिन उघडून पिस्टन, रिंगा वगैरे बदलणे) ३८,०००, सस्पेन्शन १३,०००, एसी ९,०००, क्लच ८,५०० आणि टायमिंग बेल्ट २,९००. बारा वर्षांपासूनचे ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, ‘काही नाही होत, चालवा.’ मुलगा म्हणतो, ‘जी गाडी एक लाखालाही जाणार नाही, तिच्यावर सत्तर हजार घालणे हा वेडेपणा आहे, आणि पंधरा वर्षांनी ती तशीही भंगारातच जाणार.’ बाईंनी शेवटी लिहिले आहे, ‘माझ्या नावावरची ही पहिली मोठी वस्तू. मी भावनेत अडकले आहे का?’

तुमचे पत्र वाचून मला आधी बरे वाटले, कारण गाडी काय काय करते हे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की त्यातली अर्धी तपासणी झाल्यातच जमा आहे. बहुतेक पत्रांत ‘गाडी त्रास देते’ एवढेच असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर थेट देतो : भावनेत अडकण्याआधी तुम्ही एका कागदात अडकला आहात. वर्कशॉपने दिलेले अंदाजपत्रक म्हणजे निदान नव्हे. त्यात कोणते भाग बदलायचे हे लिहिले आहे. ते का बदलायचे आणि कोणती तपासणी करून तसे ठरले, हे कुठेच नाही.

त्या कागदातली सर्वांत छोटी रक्कम आधी पाहा. तुमच्या गाडीत के-सिरीजचे ९९८ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन आहे. त्यात टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा ठरल्या वेळी उघडणारा पट्टा, नसतोच. त्या जागी साखळी असते. मारुती ८०० सारख्या जुन्या इंजिनांत रबरी बेल्ट असे आणि तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागे. साखळीला तसा ठराविक काळ नसतो. इंजिन ऑइल वेळेवर बदलले असेल, तर सुरू करताना किंवा रेस देताना साखळी वाजू लागेपर्यंत तिला हात लावायचे कारण नाही. मी यावरून कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. संगणकावर जुन्या गाड्यांसाठी एक साचा भरून ठेवलेला असतो आणि त्यातून चुकीची ओळ उमटू शकते. पण जी गोष्ट गाडीत नाही तिचे २,९०० रुपये ज्या कागदावर आहेत, त्याच कागदावरचे ३८,००० रुपये न विचारता मान्य करू नयेत, एवढे तरी त्यातून नक्की घ्यावे.

आता त्या अडतीस हजारांबद्दल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे खरे. पण ते कुठून जळते, यावर खर्च नऊ हजार होणार की अडतीस हजार हे ठरते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर गाडी चालताना, विशेषतः रेस देताना, धूर सतत येत राहतो. तुमच्याकडे तो सकाळच्या पहिल्या मिनिटाला येतो आणि थांबतो. रात्रभर उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या (झडपांच्या) दांड्यांवरचे रबरी सील कडक झाले असतील, तर तिथून ऑइलचे चार थेंब खाली उतरतात आणि सकाळी जळून जातात. लांब उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी येऊ द्यावी आणि उतार संपल्यावर पाय दाबावा. त्या क्षणी मागे धुराचा एक फवारा दिसला, तर संशय आणखी पक्का होतो. पंधरा वर्षांत रबर कडक होणे यात नवल काही नाही. याशिवाय पीसीव्ही नावाची बोटभर लांबीची झडप असते. ती चोंदली तरी इंजिन ऑइल खाऊ लागते आणि ती काही शे रुपयांत बदलून होते.

हा निकाल अंदाजाने लावायचा नसतो, त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट असते. तिन्ही प्लग काढून त्या जागी एकेक करून दाबमापक लावतात, सेल्फ मारून इंजिन पाच-सहा वेळा फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घेतात. तिन्ही आकडे कंपनीच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर हाफ इंजिन करण्याचा प्रश्नच उरत नाही. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे हेड यांच्यामधल्या पट्टीचा. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम पाचशे ते हजार रुपयांत होते. वर्कशॉपला एवढेच विचारा की कॉम्प्रेशनचे तीन आकडे किती आले. आकडे नसतील, तर अडतीस हजारांची ओळ सध्या खोडून ठेवा.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मला धुरापेक्षा जास्त टोचले, आणि त्याचा त्या अंदाजपत्रकात उल्लेखही नाही : दर पंधरवड्याला टाकीत पाणी घालावे लागते. गाडीची थंड ठेवण्याची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातले पाणी आपोआप कमी होत नाही. ते कुठे जाते? रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्यांना तडा गेला असेल, होजच्या क्लिपा ढिल्या झाल्या असतील किंवा वॉटर पंपाची सील गेली असेल, तर ते बाहेर पडते. पण बाहेर कुठेच ओल दिसत नसेल, तर ते हेड गॅसकेटमधून आत जात असण्याची शक्यता असते, आणि घाटात एकदा तापलेल्या इंजिनाबाबत ती गांभीर्याने घ्यावी लागते. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. समजा, तुम्ही अडतीस हजार देऊन इंजिन करून घेतले आणि पाण्याची गळती तशीच राहिली, तर पुढच्या दिवाळीत तेच नवे इंजिन त्याच घाटात पुन्हा तापेल. म्हणून कामाचा क्रम इथून सुरू व्हायला हवा : कूलिंगची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणे) आधी, बाकी सगळे नंतर.

तुमच्या मेकॅनिकने तीन वर्षांपूर्वी ‘थर्मोस्टॅट काढून टाकला म्हणजे गाडी तापणार नाही’ असे सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. हा उपाय आपल्याकडे इतका रूढ आहे की तो कोणाला चुकीचा वाटतच नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसेल तर इंजिनाला योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त लागते आणि झीजही वाढते. तापण्याचे मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. तेच साध्या पाण्याचे. नळाच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, आतून गंज धरतो. गाडी पूर्ण थंड असताना, आणि फक्त तेव्हाच, रेडिएटरचे झाकण उघडून पाहा. पाणी चहासारखे तांबूस दिसले तर उत्तर मिळाले. रेडिएटर साफ करणे, नवा थर्मोस्टॅट, गरज असेल ते होज आणि कूलंट मिळून तीन ते पाच हजार रुपये लागतील. रेडिएटरच बदलायचा झाला, तर आणखी तीन-चार हजार धरावेत. (इथे आणि पुढे दिलेले आकडे साधारण अंदाजाचे आहेत, गावागणिक आणि गॅरेजगणिक त्यात फरक पडेल.) पाणी आत जात असल्याचे निघाले, तर हेड उतरवावेच लागेल. तेव्हा इंजिन उघडलेलेच आहे तर व्हॉल्व्हचे सीलही बदलून घ्यावेत आणि हेडचा फेस सपाट आहे ना हे तपासून घ्यावे. दोन्ही मिळून नऊ-दहा हजारांच्या आसपास खर्च येतो. वेगवेगळे केले तर मजुरी दोनदा द्यावी लागते.

क्लचबाबत वर्कशॉपचे म्हणणे मला पटते. चढावर इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही, हे क्लचप्लेट घसरत असल्याचेच लक्षण आहे आणि ९४,००० किलोमीटरनंतर ते अकाली म्हणता येणार नाही. खात्रीसाठी सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर प्लेट अजून धरते आहे. चालूच राहिले तर ती गेली. ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा नव्हे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा. त्याला सात ते नऊ हजार लागतात, म्हणजे तुम्हाला सांगितलेली रक्कम वाजवीच आहे.

सिग्नलच्या थरथरीचा इंजिनाच्या कामाशी संबंध जोडू नका. तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच थोडे थरथरते. त्यात इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेले असते ते, चेपले की तो कंप स्टिअरिंगपर्यंत पोचतो. फाउंडेशन आणि थ्रॉटल बॉडीची सफाई यांत दोन-तीन हजारांचा प्रश्न आहे. खडखडीचेही तसेच. तेरा हजारांत चारही शॉकअप धरलेले दिसतात, पण खड्ड्यांवरचा कोरडा आवाज बहुधा आधी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट यांतून येतो. शॉकअपवर ऑइल ओघळलेले नसेल आणि बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर होत असेल, तर ते राहू द्या. साडेतीन-चार हजारांत आवाज थांबावा.

एसीला घाई नाही. फक्त गळती कुठे आहे हे न शोधता पुन्हा गॅस भरू नका. आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायला सांगा, मगच कंडेन्सर की कूलिंग कॉइल याचा निर्णय करा. मी स्वतः एका उन्हाळ्यात तीन वेळा गॅस भरला आणि चौथ्या वेळी कळले की दोष पाचपन्नास रुपयांच्या ओ-रिंगमध्ये होता. तेव्हापासून हा सल्ला मी जरा अधिक जोराने देतो.

याउलट, ज्यावर खर्च करायला हवा असे आणखी दोन भाग त्या कागदावर नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, नाहीतर लांब उतारावर तापून ब्रेक मऊ पडतात. ते बदलताना मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर पाझरत नाहीत ना, हेही पाहून घ्या. दीड-दोन हजारांचे काम आहे. दुसरे टायर. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते : ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. तुमची गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी शिल्लक दिसते आणि रबर मात्र आतून कडक झालेले असते. सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर असतील, तर नक्षीकडे न पाहता ते बदला. चार टायरना बारा-चौदा हजार धरा.

या सगळ्याची बेरीज करून पाहिली तर, रेडिएटर शाबूत निघाला असे गृहीत धरून, इंजिनाच्या हेडचे काम, कूलिंग, क्लच, फाउंडेशन, सस्पेन्शन आणि ब्रेक मिळून तीस हजारांच्या आसपास आणि टायरसह चव्वेचाळीस हजारांपर्यंत खर्च जाईल. म्हणजे तो फार कमी झाला असे नाही. तो योग्य जागी गेला, एवढाच फरक.

आता तुमच्या मुलाचे म्हणणे. त्याचा हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहणे हे वरवर शहाणपणाचे वाटते. पण तुम्ही गाडी विकणार नसाल तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्हाला निवड करायची आहे ती पुढची तीन वर्षे ही गाडी चालवण्याचा खर्च आणि दुसरी गाडी घेण्याचा खर्च यांत. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये होतो. वर्षाला सव्वा लाख. फंडातले सहा लाख रोख दिले, तर सात टक्क्यांनी वर्षाचे ४२,००० रुपये व्याज बुडाले, म्हणजे एका वर्षात जवळजवळ तुमची सगळी दुरुस्ती. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली हे खरे आहे; पण सुट्या भागांवरचा करही १८ टक्क्यांवरच आला आहे.

‘पंधरा वर्षांनी भंगार’ हा समज दिल्लीवरून आपल्याकडे आला आहे. पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी पासिंगला नेऊन, ती ठीक असल्यास, पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. विमा, पीयूसी आणि नव्या प्रकारची एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी आधी हातात असू द्या. मुदत उलटू देऊ नका, कारण उशिरासाठी दर महिन्याला जादा आकार लागतो. त्या वेळचे नेमके दर आरटीओत विचारून घ्या.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी त्याच्यापेक्षाही जोराने मांडेन. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. तुमच्या एलएक्सआयमध्ये यांपैकी काही नाही आणि कितीही दुरुस्ती केली तरी ते येणार नाही. म्हणून गावातल्या कामांना ही गाडी आणि पुण्याच्या महिन्याच्या फेरीला एसटी, अशी विभागणी तुम्ही करून पाहावी असे मला वाटते. फक्त महामार्गावरच्या त्या एका फेरीसाठी सहा लाखांची गाडी घेण्यापेक्षा ते मला अधिक पटते. हे जमणार नसेल, महामार्गावरचा प्रवास वाढणार असेल किंवा नातवंडे सोबत असणार असतील, तर मात्र माझा कौल दुसऱ्या गाडीला आहे.

आणि दुरुस्तीचा खर्च करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. इंजिन दुरुस्त होते, क्लच बदलता येतो. लोअर आर्म जिथे चासीला बसतो ती जागा, जॅक लावायच्या कडा आणि पायाखालचा पत्रा गंजून पोखरला असेल, तर त्या गाडीवर पैसे घालू नयेत. कोकणातल्या वाचकांनी तर सुरुवातच इथून करावी. इंधनाचे रबरी पाइपही त्याच वेळी पाहून घ्या, कारण २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून तुमच्या काळातल्या गाड्या बनवलेल्या नव्हत्या. पेट्रोलचा वास येत असेल, तर पाइप आणि सील तातडीने बदला.

तुमच्या मेकॅनिकचे काय करायचे, हा पत्रातला न लिहिलेला प्रश्न आहे. बारा वर्षांच्या ओळखीत लेखी बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत असते, आणि मग कोणता भाग कधी बदलला याची कुठेच नोंद राहत नाही. त्यांना सोडू नका. ‘दादा, कूलंट आणि थर्मोस्टॅट मी आणून देते, तुम्ही बसवून द्या; आणि काढलेले जुने भाग मला पिशवीत घालून द्या,’ एवढे सहज म्हणता येते. सुटे भाग छापील किमतीच्या सीलबंद पुड्यातूनच घ्या आणि मजुरी वेगळी लिहून मागा. प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्टची साधने त्यांच्याकडे नसतील, तर त्या दोन तपासण्या बाहेर करून आकडे त्यांच्याकडे न्या. कागदावर आकडे असले की ‘चालवा’ आणि ‘सगळे बदला’ या दोन्ही टोकांचे लोक एकाच भाषेत बोलू लागतात.

राहिली भावना. पहिल्या मोठ्या वस्तूबद्दल माया वाटणे यात वेडेपणा कसला? तीस-चव्वेचाळीस हजारांच्या वाजवी खर्चात थोडा वाटा मायेचा असला तरी चालेल. फक्त ब्रेक, टायर आणि खालचा पत्रा यांबाबत निर्णय घेताना तिला बोलू देऊ नका.

आज संध्याकाळी गाडी थंड झाली की एवढे करा : कूलंटच्या टाकीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारा, तारीख लिहा आणि रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा पसरून ठेवा. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, पण पुण्याला नेऊ नका. पुढच्या रविवारी पातळी रेघेच्या खाली गेली असेल आणि पुठ्ठा कोरडाच असेल, तर क्लचच्या आधी हेड गॅसकेट तपासायला सांगा.